काजूच्या रोठ्यासाठी क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही

रोठा म्हणजे काजूचं खोड नि मुळं आतून पोखरणारी भुंगेऱ्याची अळी. बुंध्याशी ताजा भुसा नि डिंक दिसला की बहुतेक जण हीच बाटली आणतात. औषध जालीम आहे, पण आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, नाही. सालीवरून नुसतं फवारलं तर आत पोखरणाऱ्या रोठ्याला पत्ताही लागत नाही. 'मारलं तरी झाड गेलं' ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

आधी पटाशीने भुशाच्या मागावर साल तासत जा, बोगदा उघडा आणि तारेच्या आकड्याने अळी ओढून मारा. मग लिटरभर पाण्यात १० मिली औषध, म्हणजे ५ लिटरच्या बादलीला ५० मिली, या प्रमाणात तो भाग चिंब भिजवा. उरलेलं बुंध्याशी मुळांजवळ ओता. विहिरीलगतच्या झाडाला मात्र ओतू नका. साल खोडाभोवती पूर्ण गोल तासली तर रोठ्याचं काम तुम्हीच पुरं कराल. पानं पिवळी पडून गळू लागलेलं झाड सहसा वाचत नाही. त्यावर औषध घालवण्यापेक्षा ते तोडून जाळा, नाहीतर आतले भुंगेरे शेजारच्या झाडांवर जातील.

पाण्यात पडताच औषध दुधासारखं पांढरं व्हायला हवं. ढवळूनही वर तेलाचा तवंग राहिला तर माल जुना किंवा बनावट समजा.

बाटलीवरचा पिवळा त्रिकोण शोभेचा नाही, ती जास्त विषारी असल्याची खूण आहे. हे ऑर्गनोफॉस्फेट, म्हणजे नसांवर परिणाम करणारं विष, आहे आणि कातडीतूनही शरीरात जातं. कापडी हातमोजे ते शोषून हाताला चिकटवून ठेवतात, म्हणून नायट्राइलचेच वापरा. अंगावर सांडलं तर कपडे काढून साबणाने धुवा. लाळ, घाम, उलटी, छाती भरून येणं, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणं ही बाधेची लक्षणं. शरीरात गेल्यावर त्याचं आणखी जहाल रूप तयार होतं, म्हणून लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात. पोटात गेलं तर उलटी करवू नका, त्यातलं द्रावक फुफ्फुसात जाऊ शकतं. १०८ला फोन करा आणि बाटलीचं लेबल डॉक्टरांना दाखवा. उपचारात अ‍ॅट्रोपिन हा उतारा लागतो.

मधमाश्या, मासे आणि कोलंबी यांना हे फार घातक आहे. मोहरावर फवारू नका, बादली वहाळात विसळू नका. युरोपीय संघाने २०२० मध्ये याला मुदतवाढ नाकारली.

रोठ्यासाठी बाटली पैसे वसूल करते, पण पटाशी नि आकडा हाताशी असेल तरच. रिकामी झाली की तीनदा विसळून ते पाणी त्याच बादलीत घ्या आणि बाटलीला भोक पाडा. झाकण घट्ट बसतं म्हणून तिच्यात खोबरेल भरणारे घरोघरी आहेत.