नोडचा संदर्भ कसा धरावा: मार्ग, टक्के चिन्ह की एक्सपोर्ट?

देवगिरी किल्ल्यातील अंधारी वाटेवर बेतलेला छोटा खेळ छत्रपती संभाजीनगरातील विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटाने गोडो ४ या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये करायला घेतला, तर खेळाडूच्या हातातील मशाल पेटवण्याच्या ओळीवरच ‘कॅनॉट कॉल मेथड ऑन अ नल व्हॅल्यू’ अशी त्रुटी येऊन तो थांबू शकतो. मशाल हा एक नोड, म्हणजे खेळ ज्यांतून रचला जातो त्या घटकांपैकी एक, आणि तो पडद्यावर दिसत असतो. पण त्याचा संदर्भ धरणारा स्क्रिप्टमधील (कोडमधील) चल रिकामा, म्हणजे नल असतो. संदर्भ धरण्याच्या तीन पद्धती आहेत: मार्ग, टक्के चिन्ह आणि एक्सपोर्ट. पद्धत बदलण्यापूर्वी चलाच्या आधी ऑनरेडी (नोड तयार झाल्यावरच चल भरण्याची सूचना) लिहिले आहे का, एवढे पाहून घ्यावे. ते नसेल तर नोड ट्रीमध्ये, म्हणजे चालू खेळातील नोडांच्या उतरंडीत, येण्याआधीच शोध घेतला जातो आणि हाती काही लागत नाही.

डॉलर चिन्हानंतर ‘हात/मशाल’ असा मार्ग लिहिणे सर्वांत सुटसुटीत. मात्र चित्रकाराने ‘हात’ उचलून ‘शरीर’ या नव्या नोडखाली ठेवला, तर स्क्रिप्टमधील मार्ग जुनाच राहतो. तरीही या पद्धतीचा एक गुण दुर्लक्षिला जातो: सीन (एकत्र जतन केलेला नोडांचा संच) सुरू होताच ‘नोड नॉट फाउंड’ असा संदेश येतो आणि कोणता मार्ग कोठून शोधला तेही त्यात असते, त्यामुळे चूक सापडायला वेळ लागत नाही.

गोडो ३.५ पासून मिळालेल्या युनिक नावात टक्के चिन्हापुढे फक्त नाव लिहायचे असते. त्याच सीनमध्ये नोड कितीही खोल गेला तरी तो सापडतो. गुणफलक, आरोग्यपट्टी अशा सतत हलवल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी हे उत्तम आहे. मात्र मशाल स्वतंत्र सीन म्हणून जतन केली, तर तिच्या आतील ‘ज्योत’ खेळाडूच्या स्क्रिप्टला नुसत्या टक्के चिन्हाने मिळत नाही.

एक्सपोर्टमध्ये नोड एडिटरच्या इन्स्पेक्टर या गुणधर्म दाखवणाऱ्या भागातील रकान्यात ओढून सोडायचा असतो. एडिटरमध्ये त्याचे नाव बदलले किंवा जागा हलवली तरी एडिटर संदर्भ सुधारून घेतो, आणि चित्रे एकाची व स्क्रिप्ट दुसऱ्याची असेल तेथे मी हीच पद्धत निवडेन. दोष असा की, रकाना भरायचा राहिला तर खेळ निमूटपणे सुरू होतो आणि मशाल पेटवायची वेळ आल्यावरच कोसळतो. म्हणून नोड तयार होताच चालणाऱ्या रेडी फंक्शनमध्ये असर्टची, म्हणजे अट खरी नसेल तर तेथेच त्रुटी दाखवणारी, एक ओळ घालावीच. हा संदर्भ सीनच्या फाइलमध्ये साठत असल्याने, दोघांनी एकच सीन बदलला तर गिटमध्ये (फाइलींतील बदलांची नोंद ठेवून ते एकत्र करणाऱ्या साधनात) संघर्ष उद्भवण्याची शक्यता वाढते. एक्सपोर्ट आणि ऑनरेडी एकाच चलावर लावू नयेत: ऑनरेडीची किंमत इन्स्पेक्टरमधील किमतीवर चढते, म्हणून गोडो ४ मूळ सेटिंगमध्ये ती त्रुटीच मानतो.

एकटाच माणूस सगळे करत असेल आणि हवा असलेला नोड स्क्रिप्टच्या नोडचे थेट अपत्य असेल, तर मार्ग पुरेसा आहे. एक्सपोर्टचा खटाटोप तेथे व्यर्थ. ‘गेट नोड ऑर नल’ (नोड न सापडल्यास त्रुटी न दाखवता नल देणारे फंक्शन) मात्र नोड नसणे खरोखर अपेक्षित असेल तेथेच वापरावे, कारण एरवी ते त्रुटी मिटवत नाही, नुसती झाकते. खेळ चालू असताना जन्मणाऱ्या शत्रूंना यांपैकी काहीच नीट लागू पडत नाही. त्यांना निर्माण करणाऱ्या स्क्रिप्टनेच खेळाडूचा संदर्भ सोपवावा, आणि क्यू फ्री या नोड काढून टाकणाऱ्या फंक्शनने नष्ट होऊ शकणारा नोड वापरण्यापूर्वी ‘इज इन्स्टन्स व्हॅलिड’ने तपासावा.