महिनाभर प्रेमकादंबऱ्या वाचायच्या तर कुठल्या? जुनी मराठी, छोटी इंग्रजी, रीजन्सी, ॲपवरची मालिका की ऐकायची कादंबरी

रोज पाऊण तास वाचायचं ठरवलं तर तीस दिवसांचे साडेबावीस तास होतात. नाशिकमध्ये हा पाऊण तास बहुतेकांना तुकड्यातुकड्यांतच मिळतो. सातपूर-अंबडच्या कंपनी बसमध्ये वीस मिनिटं, दुपारच्या डब्यानंतर दहा, उरलेला रात्री ओटा आवरल्यावर. एवढ्या वेळात पन्नास हजार शब्दांच्या छोट्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या पाच होतात. अडीचशे पानांच्या जुन्या मराठी कादंबऱ्या दोन पुऱ्या होतात आणि तिसरी निम्म्याच्या पुढे जाते. ॲपवरची सव्वाशे भागांची मालिका एक संपते, दुसरी संपत आलेली असते. इंग्रजीचा वेग मिनिटाला 200 शब्द आणि मराठीला पानामागे दोन मिनिटं धरून हा हिशेब आहे. इंग्रजी अडखळत वाचत असाल तर वेग 120 धरा. मग तीच छोटी कादंबरी चार तासांऐवजी सात तास घेते आणि महिन्याला पाचाच्या तीन होतात.

पण निवड नुसत्या आकड्यांवर करू नये. महिनाभर एकाच जातीची पुस्तकं वाचली की तिसऱ्या पुस्तकात कंटाळा येतो, आणि त्याचं कारण बहुधा लेखक नसतो, अडसर असतो. तिसाव्या पानावर दोघं एकमेकांना आवडलेली असतात. मग एकतिसाव्या पानावर लग्न का होत नाही? या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ती कादंबरी. उत्तर बाहेरचं असू शकतं (जात, पैसा, आईवडील, बदली) किंवा आतलं (आधीच्या फसवणुकीची भीती, मानीपणा), नाहीतर निव्वळ गैरसमज. अडसराचं वजन आणि पुस्तकाची लांबी जुळली नाही की पुस्तक फसतं.

पाचही प्रकारांना एकच पेच लावून बघू. नाशिकरोड स्टेशनवर तो तिला एका तरुणाशी हसून बोलताना, त्याची बॅग धरताना बघतो. तो तरुण तिचा मावसभाऊ आहे. “कोण होता गं तो?” एवढं विचारलं की प्रकरण मिटतं.

जुनी मराठी कादंबरी

इथे तो विचारतच नाही, आणि ते पटतं. लग्न न ठरलेल्या मुलीला असं विचारायचा हक्कच त्या काळच्या तरुणाला नव्हता. तो पत्र लिहितो, ते वडिलांच्या हाती पडतं, तिला मामाकडे धाडलं जातं. गैरसमजाचं बघता बघता बाहेरच्या अडसरात रूपांतर होतं आणि अडीचशे पानं पेलली जातात. मराठी कादंबरी आणि लग्नाचा प्रश्न यांची गाठ पहिल्यापासूनची आहे. बाबा पदमनजींची 1857 ची ‘यमुनापर्यटन’ विधवांच्या स्थितीवर होती. पुढे ना. सी. फडके यांच्या पिढीने प्रेम मध्यभागी आणलं, सुशिक्षित नायक-नायिका आणल्या, घाटदार गुंतागुंत आणली.

अडचणी दोन. पहिली, शेवट सुखाचाच असेल याची खात्री नाही. त्याग, विरह, दुसरीकडे लग्न हे सगळं चालतं. थकून घरी आल्यावर मन हलकं करायला पुस्तक हवं असेल तर ही जोखीम लक्षात घ्या. दुसरी, पहिली चाळीसेक पानं वर्णनात जातात आणि संवाद पुस्तकी वाटतात. तुकड्यातुकड्यांत वाचणाऱ्याचं पुस्तक याच टप्प्यात सुटतं. म्हणून सुरुवात रविवारी करावी, एका बैठकीत साठ पानं ओलांडावीत, मग बसमध्ये न्यावं.

प्रणयप्रसंगांबद्दल एक समज दुरुस्त करायला हवा. जुनं म्हणजे सोवळं, असं नाही. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा 1962 च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1969 मध्ये ती अश्लील ठरली नाही. आजच्या वाचकाला ती वाचून खटला कशासाठी भरला होता हाच प्रश्न पडेल, ते वेगळं.

छोटी इंग्रजी

मिल्स अँड बून ही लंडनची प्रकाशनसंस्था 1908 ची. रद्दीच्या दुकानात किलोच्या ढिगात आणि फिरत्या वाचनालयांच्या कपाटांत तिची पुस्तकं अजूनही सापडतात. पानं साधारण 190. शेवट सुखाचा, हे आधीपासून ठरलेलं. वाचायचं असतं ते ‘कसं’.

इथे मावसभावाचा पेच फार तर दोन प्रकरणं टिकतो. तिसऱ्यात कुणीतरी विचारलंच पाहिजे, नाहीतर वाचक चिडतो. चांगल्या पुस्तकात मावसभावाचा खुलासा लगेच होतो आणि खरा अडसर उघडा पडतो: याने आधीच वाईट का धरलं? कारण बापाने आईला सोडलेलं त्याने पाहिलंय. म्हणजे अडसर आतला आहे, आणि पन्नास हजार शब्दांना तो बरोबर पुरतो. वाईट पुस्तकात हाच गैरसमज 150 पानं ताणलेला असतो. तो ओळखायची युक्ती सोपी आहे. पुस्तक साधारण शंभराव्या पानावर उघडा आणि त्या पानावर दोघांना एकत्र ठेवून, फोन किंवा तिसरं माणूस मधे न आणता, बोलू दिलंय का बघा. दर वेळी कुणीतरी दार वाजवतंच असेल तर ते पुस्तक परत ठेवा.

मुखपृष्ठापेक्षा त्यावरचं मालिकेचं नाव जास्त सांगतं. ‘मॉडर्न’ म्हणजे गडगंज नायक, महाल-विमानं आणि शयनगृहाचं उघडं दार. ‘मेडिकल’ म्हणजे रुग्णालय, पाळ्या, दोघंही कामात. ‘हिस्टॉरिकल’ थोडं लांब. पहिल्यांदाच वाचणाऱ्याने ‘मेडिकल’पासून सुरुवात करावी. नायक-नायिकेला पोटापाण्याचं काम असतं, त्यामुळे अडसर खरे वाटतात. जुन्या छपाईच्या पुस्तकांतला नायक अनेकदा दंडेलशाही करतो आणि पुस्तक त्यालाच प्रेम म्हणतं. 1970-80 च्या प्रती घेताना कॉपीराइटच्या पानावरचं साल बघा, मग दचकायला होणार नाही.

रीजन्सी

इंग्लंडमध्ये 1811 ते 1820 या काळात राजाच्या वतीने युवराज कारभार बघत होता. त्या काळावर रचलेल्या या कादंबऱ्या. जेन ऑस्टिनने त्याच काळात लिहिलं, आजचे लेखक तो काळ उसना घेतात. लांबी लाखभर शब्द, म्हणजे सव्वाआठ तास.

मराठी वाचकाला हा प्रकार लवकर आपलासा वाटतो, कारण त्यातलं लग्नाचं गणित ओळखीचं आहे. घराणं, उत्पन्न, धाकट्या बहिणींची लग्नं, चारचौघांत झालेली बोलाचाली. इथे मावसभावाशी हसून बोलणं म्हणजेच बदनामी. दुसऱ्या दिवशी गावभर होतं आणि प्रश्न ‘तो कोण’ असा राहत नाही, ‘आता हिचं लग्न कोणाशी’ असा होतो. अडसर बाहेरचा, आणि तिचा हट्ट आतला, असे दोन्ही असल्यामुळे लांबी पेलते.

फसतं कुठे? उपाध्यांत. ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन ही उतरंड एकदा चिठ्ठीवर लिहून खुणेच्या जागी ठेवा. त्यात भर म्हणजे त्याच माणसाला आई नावाने हाक मारते, मित्र उपाधीने आणि नोकर तिसऱ्याच शब्दाने. तीन माणसं समजून पन्नास पानं वाचली, मग कळलं एकच होता, हे नेहमीचं. आणि भावंडांच्या मालिकेतलं चौथं पुस्तक हाती लागलं तर पहिल्या तिन्ही जोडप्यांचे शेवट त्यात फुकट कळतात.

ॲपवरची मालिका

खर्च नाही असं वाटतं, म्हणून इथे सर्वांत जास्त माणसं येतात. एक भाग हजार-बाराशे शब्दांचा, पाच-सहा मिनिटांचा. सीबीएस बसस्थानकावर बसची वाट बघताना एक होतो. सव्वाशे भाग म्हणजे बारा तासांचं वाचन, तेही अंगठ्याने.

रचनाच अशी की प्रत्येक भाग ओढ लावून तुटला पाहिजे. म्हणून मावसभावाचा पेच इथे पंचवीस भाग चालतो, आणि सुटला की मावसभावाची मैत्रीण येते. पेच सोडवण्यात लेखकाचं नुकसान असतं, ही अडचण लेखनाच्या दर्जाहून मोठी आहे. सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघा. यादीत शेवटच्या भागापुढे ‘समाप्त’ आहे का. नसेल तर शेवटचा भाग कधी आला. तीन महिने उलटले असतील तर ती कथा सोडलेली समजा. आणि भाग ॲपमध्ये विकत घ्यायच्या नाण्यांनी उघडत असतील तर एका भागाची नाणी गुणिले एकूण भाग, हा गुणाकार पहिल्याच दिवशी करा. वाट पाहून फुकट वाचायचं असेल तर रोज एक भाग धरून सव्वाशे भागांना चार महिने लागतात. महिन्याच्या योजनेत ती बसतच नाही.

तरीही एक गोष्ट इथे बाकी कुठे मिळत नाही: आजची बोली. सासूशी बोलणं, फ्लॅटचा हप्ता, स्टेटसला ठेवलेला फोटो. आणि ‘तू-तुम्ही’चा उलटा प्रवास. जुन्या मराठी कादंबरीत प्रेम पुढे सरकलं हे ‘आपण’वरून ‘तुम्ही’ आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’ यांतून कळतं, कधी कधी सबंध प्रकरण त्या एका ‘तू’साठी लिहिलेलं असतं. ॲपवर मात्र कराराचं नाहीतर बळजबरीचं लग्न तिसऱ्या भागातच झालेलं असतं. त्यामुळे ‘अहो’ आधी येतं, प्रेम मागून, आणि पंच्याहत्तराव्या भागात ती त्याला नावाने हाक मारते तेव्हा खरी गाठ सुटते. इंग्रजीत हे हत्यारच नाही. म्हणून अनुवादित प्रेमकादंबरी घेताना मधलं एखादं पान आणि शेवटचं प्रकरण ताडून बघा. दोन्हीकडे नायिका ‘तुम्ही’च म्हणत असेल तर अनुवादकाने फक्त शब्द उतरवलेत.

ऐकायची कादंबरी

दहा तासांची कादंबरी सव्वापट वेगाने आठ तासांत होते. दीडपट केली तर मराठीतले क्रियापदांचे शेवट गिळले जातात आणि ‘गेली’ की ‘गेले’ कळत नाही. सव्वावर थांबा. हा वेळ वाचनाच्या पाऊण तासातून जात नाही, पोळ्या लाटताना किंवा गंगापूर रोडला सकाळी चालताना मिळतो. म्हणून ती बाकीच्या चारांची स्पर्धक नाही, वरची कमाई आहे.

मावसभाव मात्र इथे लपत नाही. वाचणारा त्याला सरळ, खट्याळ आवाज देतो आणि ‘हा प्रियकर नव्हे’ हे ऐकणाऱ्याला पहिल्या वाक्यात कळतं. रहस्यावर टेकलेल्या कथा म्हणून ऐकू नयेत, संवादावर टेकलेल्या ऐकाव्यात. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी प्रकरणं घरीच उतरवून घ्यावीत. इगतपुरी सोडल्यावर कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं आणि ते नेमकं कबुलीच्या वाक्यावर जातं.

कोणी काय घ्यावं

वीस-वीस मिनिटांचे तुकडेच मिळत असतील तर छोटी इंग्रजी, महिन्याला तीन, त्याहून जास्त नको. चौथ्यात नायकाचे डोळे आणि खांदे तेच वाटायला लागतात. रविवार मोकळा असेल तर महिन्याला एक जुनी मराठी हवीच. सलग दोन नको, कारण दोन्ही शोकांत निघाल्या तर महिना सुतकी जातो. रीजन्सी दिवाळीच्या सुट्टीसाठी ठेवा. ॲपवरची एकच, पूर्ण झालेली. आमचा कौल असा: एक जुनी मराठी, तीन छोट्या इंग्रजी, आणि स्वयंपाकघरात एक ऐकायची. वाचनाचे तास एकवीसच्या आत राहतात आणि अडसराची चव दर आठवड्याला बदलते.

जुनी मराठी विकत शोधत बसण्यापेक्षा टिळक पथावरचं सार्वजनिक वाचनालय गाठा. ‘सावाना’ 1840 पासूनचं आहे आणि बाजारातून गेलेल्या आवृत्त्या अशाच ठिकाणी उरतात. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ची शंभर पुस्तकांची पेटी जवळपास असेल तर तीही चाळा, पण तिथली निवड मिश्र असते.

वाचनालयातली जुनी प्रत घेताना काउंटरवर दोन मिनिटं द्या. अशा प्रती पुन्हा बांधलेल्या असतात. बांधणीत आतला समास शिवणीत जातो, मग ओळीचं पहिलं अक्षर बघायला पुस्तक ताणावं लागतं आणि पिवळा ठिसूळ कागद तुटतो. पुस्तक हातभर अंतरावर उघडून सहज वाचता येतं का बघा. फॉर्मा, म्हणजे एकत्र छापून दुमडलेल्या पानांचा जुडगा, सहसा सोळा पानांचा असतो, बांधणाऱ्याकडून एखादा उलटसुलट लागतो, म्हणून 17, 33, 49 अशा पानांच्या आसपास आकडे सलग आहेत का तपासा. आणि शेवटचा फॉर्मा बघाच, कारण प्रेमकादंबरीत तोच सर्वांत जास्त हाताळलेला, सर्वांत आधी सुटणारा. तपासताना नजर पानाच्या आकड्यावर ठेवा. ती वरच्या ओळीवर गेली तर लग्न कोणाशी झालं ते तिथेच, काउंटरवर उभ्या उभ्या कळेल.