आपले दाणे, आपला डबा: लाकडी घाण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

पुण्यात आता गल्लोगल्ली लाकडी घाणे झालेत, त्यामुळे कुठला चांगला असं सारखं कोणी ना कोणी विचारतं. माझं उत्तर एकच, जो तुमचे स्वतःचे दाणे घेऊन तुमच्यासमोर तेल काढून देतो तो. कोथरूडमध्ये आमच्या घराजवळ असा एक आहे, आठ महिने झाले तिथूनच तेल आणतोय म्हणून लिहितेय.

आधी आम्ही दुसऱ्या एका दुकानातून भरलेल्या बाटल्या आणायचो, त्यातल्या दोन बाटल्यांना खवट वास निघाला आणि विचारलं तर घाण्याच्या तेलाला असाच वास असतो म्हणाले. नसतो हो. ताज्या शेंगदाणा तेलाला भाजलेल्या दाण्यासारखा गोडसर वास येतो. तेव्हापासून दाणे आपणच न्यायचे ठरवलं.

मार्केट यार्डात भुसार बाजारातून १० किलो घुंगरू जातीचे शेंगदाणे आणते आणि घरी दोन संध्याकाळी बसून निवडते. काळे, सुरकुतलेले, बुरशीचे सगळे बाजूला. हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण दमट दाण्याला बुरशी लागली की त्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं, लिव्हरला फार वाईट. तेल रिफाइंड करताना ते बरंचसं निघून जातं, पण घाण्याचं तेल नुसतं गाळलेलं असतं, त्यामुळे खराब दाण्यातलं थोडं तेलात उतरतं आणि बाकीचं पेंडेत राहतं, आणि तीच पेंड गाईने खाल्ली की दुधातही येतं. म्हणून मला या दुकानाची सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काका दाणे घाण्यात टाकायच्या आधी परातीत पसरून बघतात, एकदा माझ्या निवडलेल्या दाण्यांतूनही त्यांनी मूठभर काढून टाकले.

घाणा मोटरवर चालतो, पण हळू. तासभर लागतो एका खेपेला. तेल हाताला कोमट लागतं, त्याहून गरम होत नाही. रिफाइंड तेलाची गोष्टच वेगळी, बहुतेक वेळा पेंडेत उरलेलं तेल हेक्झेन नावाच्या रसायनात विरघळवून ओढून काढतात, मग कॉस्टिक सोडा, मग रंग घालवायला ब्लीचिंग, मग २०० डिग्रीच्या वर तापवून वास घालवतात.

आता हिशोब. १० किलो दाण्यांतून चार लिटरला थोडं कमी तेल निघतं. दाणे १३० रुपये किलो आणि काढणावळ २५ रुपये किलो, म्हणजे लिटरला चारशेच्या आसपास पडतं. पिशवीतल्या तेलाच्या जवळजवळ दुप्पट! हे परवडायला आम्ही तेल कमी केलं. पूर्वी महिन्याला चौघांना चार लिटर लागायचं, आता अडीचमध्ये भागतं, भाजीला वास आणि चव असल्यामुळे कमी तेलातही ती बेचव लागत नाही. आणि एक स्पष्ट सांगते, घाण्याचं आहे म्हणून कॅलरी कमी होत नाहीत, कुठल्याही तेलात ग्रॅमला ९ च असतात. दुकानात 'कोलेस्टेरॉल फ्री' अशी पाटी आहे ती काढली तर बरं, वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मुळात नसतंच.

पेंड सहा किलोच्या आसपास निघते, ती ठेवून घेऊन ते पैसे वळते करतात, पण मी थोडी घरी आणते. पाण्यात भिजवून चार दिवसांनी भरपूर पाणी घालून कुंड्यांना देते, कढीपत्ता काय फुटलाय!

डब्याबद्दल सांगायचं तर अन्नसुरक्षेच्या नियमांत सुटं खाद्यतेल विकायला बंदी आहे, म्हणून दुकानाचं स्वतःचं तेल सीलबंद बाटलीतच मिळतं आणि ती बाटली प्लास्टिकची. आपल्या दाण्यांचं तेल मात्र आपल्या स्टीलच्या डब्यात घेता येतं. आठ महिन्यांत आमच्या घरात तेलाची एकही पिशवी आली नाही.

सासूबाई बार्शीच्या, त्यांच्या आग्रहाने दोनदा करडईही काढून आणली. त्यांच्या लहानपणी घरी करडईचंच तेल असायचं, रब्बीत पाण्याशिवाय नुसत्या ओलीवर येणारं पीक ते, काटेरी म्हणून काढायला त्रासाचं, आता शेतात फारसं दिसत नाही. आणि आपण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, त्यात मोठा वाटा इंडोनेशिया मलेशियाच्या पामचा, ज्याच्यासाठी तिथली जंगलं तोडली गेली. सोलापूरची करडई इथे घाण्यावर पडताना बघून मला खरंच बरं वाटलं. फक्त या तेलात तळण परत परत करू नका, ते लवकर खराब होतं, फोडणीला छान.

तक्रारी दोन. शनिवारी रविवारी तोबा गर्दी असते आणि नंबर लावायची काही सोय नाही, दीड तास उभी होते मी एकदा. आणि करडईनंतर शेंगदाणा टाकताना घाणा नीट पुसत नाहीत, सांगावं लागतं. पुऱ्या तळताना फेस येतो ती तक्रार नाही, गाळ बसायच्या आत तेल वापरलं की तसं होतं, तीन दिवस डबा न हलवता ठेवा आणि वरचं निवळ तेल दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या.

मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी दहाच्या आत जा, डबा उन्हात पूर्ण कोरडा करून न्या, पाण्याचा थेंब राहिला तरी तेल लवकर खवट होतं.