रहस्य कळल्यानंतरही उशाशी राहिलेली ‘रिबेका’

इंग्रज लेखिका डॅफ्नी द्यु मॉरिए यांची ‘रिबेका’ ही कादंबरी मी संक्रांतीच्या सुमारास, सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरलेली असताना वाचायला घेतली आणि पावसाळा सुरू झाला तरी ती अजून माझ्या उशाशीच आहे. पहिल्यांदा ती झपाट्याने वाचून काढली, दुसऱ्यांदा सावकाश वाचली आणि आता त्यातली काही प्रकरणे अधूनमधून पुन्हा उघडतो. गूढ, प्रेम आणि रहस्य यांची सांगड घालणाऱ्या कादंबऱ्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, तो असा की एकदा रहस्य कळले की पुस्तकात काही उरत नाही. या कादंबरीच्या बाबतीत माझा अनुभव नेमका उलट आहे. रहस्य कळल्यानंतरच ती मला खरी भिववू लागली.

1938 साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची निवेदिका एक बुजरी, गरीब तरुणी आहे आणि तिचे नाव शेवटपर्यंत आपल्याला कळत नाही. एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण म्हणून ती माँटे कार्लोला आलेली असताना तिथे तिची गाठ वयाने बऱ्याच मोठ्या असलेल्या मॅक्सिम डी विंटर या विधुराशी पडते. घाईघाईत लग्न होते आणि ती मँडर्ली या त्याच्या समुद्राकाठच्या प्रचंड वाड्यात येते. तिथे मॅक्सिमची पहिली पत्नी रिबेका, जी समुद्रात बुडून मरण पावली, तिचाच अंमल अजून चालू आहे. तो अंमल चालवणारी बाई म्हणजे घराची कारभारीण मिसेस डॅनव्हर्स.

नारायण धारप यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाने हे पुस्तक हातात घेतले, तर तो भुताची वाट पाहत राहील आणि ते भूत कधीच येणार नाही. तरीही रिबेका प्रत्येक पानावर आहे. नव्या नवरीला सकाळी ज्या टेबलापाशी बसायचे आहे, तिथे रिबेकाच्या तिरप्या, ठसठशीत अक्षरातल्या वह्या आहेत. अंगावर चढवलेल्या रेनकोटच्या खिशात तिचा रुमाल आहे. त्या टेबलावरच्या घरातल्या फोनची घंटा वाजते आणि पलीकडून ‘मिसेस डी विंटर?’ अशी विचारणा होते, तेव्हा ही मुलगी सांगून टाकते की आपली काहीतरी चूक होते आहे, मिसेस डी विंटर वारल्या त्याला वर्ष उलटून गेले. ती स्वतःच आता मिसेस डी विंटर आहे, हे तिच्या ध्यानातच येत नाही. याच खोलीत तिच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते आणि घरची मालकीण असूनही ती नोकरांच्या धाकाने तुकडे खणाच्या तळाशी लपवते. आळ मात्र एका नोकरावर येतो. सासरी गेलेल्या मुलीची अशी तारांबळ आपल्याकडे कोणी पाहिली नाही? म्हणूनच परक्या देशातल्या या वाड्यात मला एकदाही परके वाटले नाही.

पुस्तकाचा कळस माझ्या मते पश्चिमेकडच्या दालनातला प्रसंग आहे. डॅनव्हर्सने रिबेकाची खोली जशीच्या तशी राखली आहे. पलंगावर तिचा रात्रीचा पोशाख आहे, आरशापुढे तिचे ब्रश मांडलेले आहेत. डॅनव्हर्स निवेदिकेला तो पोशाख हाताळायला लावते, सपातांमध्ये हात घालायला लावते आणि मेलेली माणसे परत येऊन जिवंतांकडे पाहत असतील का, असे अगदी हळू आवाजात विचारते. पहिल्या वाचनात मला या बाईची भीती वाटली. दुसऱ्या वाचनात तिचे दुःख दिसले. रिबेकासाठी मनापासून शोक करणारे त्या घरात तिच्याशिवाय कोणी नाही.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही, त्यांनी हा परिच्छेद गाळावा. मॅक्सिम जेव्हा कबूल करतो की रिबेकाला त्यानेच गोळी घातली आणि तिच्यावर त्याचे कधीच प्रेम नव्हते, तेव्हा त्यातले दुसरे वाक्यच निवेदिकेच्या मनात भरते. तिला हायसे वाटते, ती एकाएकी प्रौढ होते, आणि आपणही तिच्यासोबत सुटकेचा श्वास टाकतो. आता दर वाचनात मी या जागी थबकतो. एका खुनी माणसाची सुटका व्हावी म्हणून लेखिकेने आपल्याला इतक्या सहज कसे वळवले? रिबेकाबद्दल आपल्याला जे काही वाईट कळते, त्यातले बरेचसे तिच्या मारेकऱ्याच्याच तोंडून कळते. हॉलिवूडने 1940 साली चित्रपट काढला, तेव्हा पत्नीचा खून करणारा नायक बिनशिक्षेचा सुटणे तिथल्या नियमावलीत बसत नव्हते, म्हणून तो मृत्यू अपघात ठरवण्यात आला. त्या बदलामुळे कथेचा काटाच निघून गेला, असे मला वाटते.

उणिवा आहेत. मेजवानीच्या तयारीची प्रकरणे लांबली आहेत आणि चौकशीच्या भागात योगायोग जरा सोयीने जुळतात. बागेची आणि धुक्याची वर्णने पुष्कळ आहेत, पण ती मी गाळली नाहीत. लेखिकेने हे लेखन पतीच्या नेमणुकीमुळे इजिप्तमधील अलेक्झांड्रियात राहत असताना सुरू केले होते आणि तिथल्या उकाड्यात तिला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्याची ओढ लागली होती. मे महिन्यात, सोलापूरचा पारा चाळिशीपार असताना रात्री गच्चीवर ती पाने वाचली, तेव्हा त्या ओढीचा अर्थ मला नीट कळला.

याच कथेवर 1964 साली ‘कोहरा’ हा हिंदी चित्रपट निघाला. त्यात वहिदा रेहमान नायिका आहेत आणि डॅनव्हर्सच्या जागी ललिता पवार. चित्रपटात भुताटकी बरीच आहे. तो पाहिलेल्या आमच्या मामींना मी याबद्दल विचारले, तर त्या म्हणाल्या, “अरे, भुताचं राहू दे बाजूला. त्या ललिता पवारला नुसतं दारात उभं पाहिलं तरी अंगावर काटा यायचा.” मामींना इंग्रजी वाचण्याचा सराव नाही, म्हणून रविवारी दुपारी मी त्यांना एकेक प्रकरण मराठीत सांगतो. पश्चिमेकडच्या दालनापर्यंत आम्ही आलो आहोत आणि शेवट आधी सांगायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद आहे.