ओटीपी दिला नाही, तरी 41,870 रुपये गेले

आधीच सांगतो, मी ओटीपी कुणाला दिला नाही, केवायसीवाल्याचा फोन घेतला नाही. तेवढं मलाही कळतं. तरी दिवाळीच्या तोंडावर ऑनलाइन जाहिरातीसाठी भरलेल्या 42,300 रुपयांतले 41,870 एका रात्रीत उडाले. सकाळी बघतो तर माझ्या कोल्हापुरी चपलांच्या खात्यावरून वजन उतरवायच्या गोळ्यांची जाहिरात चालू! एका जोडामागं 250 सुटतात. म्हणजे 167 जोडांची कमाई गेली.

घात केला एक्स्टेंशननं, म्हणजे ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रॅमनं. व्हॉट्सअ‍ॅपवर एका दमात शंभर गिऱ्हाइकांना मेसेज टाकणारं. दोन वर्षं गुमान चाललं. मग ऐन गर्दीत क्रोमनं ते बंद करून विचारलं, याला आता सगळ्या वेबसाइटवरचा डेटा वाचायचा आणि बदलायचाय, चालेल का? अहो, मेसेज टाकणाऱ्याला सगळ्या वेबसाइट कशाला? तिथंच हात आखडायला हवा होता. पण समोर गिऱ्हाईक कापशी चप्पल घालून 'करकर वाजत नाही' म्हणत भाव पाडत होतं. मी 'हो' दाबलं. तुम्हीही दाबलं असतं.

भाचा म्हणाला, एक्स्टेंशननं लॉगिनची कुकी, म्हणजे आपण आधीच लॉगिन केलंय याची ब्राउझरमधली खूण, उचलली की पासवर्डही लागत नाही, ओटीपीही. नुसता पासवर्ड बदलून बसू नका. आधी एक्स्टेंशन काढा, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा.

2020 च्या शेवटी ब्राउझरमधलं फ्लॅश हे प्लगइन बंद झालं तेव्हा वाटलं, प्लगइनची पीडा टळली. कसली टळतेय! 'द ग्रेट सस्पेंडर' नावाचं एक्स्टेंशन लाखो लोक वापरत होते. मालक बदलला आणि फेब्रुवारी 2021 मध्ये गूगलला ते काढावं लागलं. आज चांगलं आहे ते उद्या कुणी विकत घेईल, सांगता येत नाही.

पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, "जाहिरात लागली ना? मग पैसे चोरीला गेले कसे?" पैसे कुणाच्या खात्यात गेले ते लिहा म्हणे. कुणाच्याच नाही, तेच तर सांगतोय! चार हेलपाटे, तीनदा झेरॉक्स. बँक म्हणते, पैसे तुम्हीच भरलेत. जाहिरातवाल्यांकडं माणूसच नाही, नुसतं यंत्र उत्तर देतं. बँकेतून थेट पैसे गेले असतील तर मात्र 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लावा, ठाण्याची वाट बघू नका.

आता बँकेसाठी ब्राउझरची वेगळी प्रोफाइल, त्यात एकही एक्स्टेंशन नाही. दुकानाच्या प्रोफाइलमध्ये होती अकरा, ठेवलंय एक.

काल बघितलं, ते एक्स्टेंशन अजून स्टोअरमध्ये आहे. साडेचार स्टार. त्यातले पाच मीच दिलेले, ते कसे काढायचे ते शोधतोय.