गुहेतले किडे पकडायला पेला बरा की ब्रश?

भाच्याचा सांगलीहून फोन आला. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी दंडोबाच्या डोंगरात अंधारातले बारके किडे शोधायचेत, तर "मामा, पेले पुरू की ब्रश घेऊन बसू?" मी कराडचा, आणि दोन्ही करून पस्तावलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पेल्याची बाजू मांडतो, कारण माझा कल दुसरीकडे आहे. पेला म्हणजे जमिनीत काठापर्यंत पुरलेला, आत थोडं अल्कोहोल घातलेला सापळा; चालता चालता किडा त्यात पडतो. बार्बर या अमेरिकन कीटकतज्ज्ञाने 1931 मध्ये ही पद्धत मांडली ती गुहेतल्या किड्यांसाठीच. तुम्ही घरी झोपलेले असता तेव्हा पेला जागा असतो. रात्री हिंडणारे रातकिडे, भुंगेरे, पळपुटे कोळी आयते येऊन पडतात. दोन ठिकाणी सारखे पेले सारखे दिवस ठेवले की आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, आणि परीक्षक खूश. जॉर्जियातल्या क्रुबेरा गुहेत 1,980 मीटर खोलीवर स्प्रिंगटेल, म्हणजे उड्या मारणारा बारीकसा बिनपंखी जीव, सापडलाय. तिथे उकिडवं बसून शोधा असं मी कुणाला सांगणार नाही.

पण आपल्याकडे पडला बेसाल्ट. चुनखडीतल्यासारख्या लांबच लांब गुहा इथे नाहीत, आहेत त्या कपारी आणि कोरलेली लेणी. आमच्या कराडजवळच्या आगाशिव लेण्यांत पेला पुरणार कुठे? खाली छिन्नीने तासलेला कातळ, आणि माती असती तरी लेण्यात खणायचं नसतंच. म्हणून मी वटवाघळांच्या एका कपारीत बारा पेले पुरले, तेही ऐन श्रावणात. आठवड्याने गेलो तर छताच्या पाझराने पेले काठोकाठ भरलेले, अल्कोहोल पार पातळ, आणि त्यात झुरळं. एकेका पेल्यात मूठमूठभर. सगळं कुजून लगदा झालेला. तो चहाच्या गाळणीतून धुण्यात दोन संध्याकाळी गेल्या. बायकोने नवी गाळणी आणली आणि जुनीवर नेलपॉलिशने फुली मारली. हाती लागले उडीचे चिमटे तुटलेले थोडे स्प्रिंगटेल आणि आभासी विंचवाचा (विंचवासारखाच, पण बारका आणि बिनशेपटीचा जीव) एक नांगा. नुसत्या नांग्यावरून जात ओळखणारे असतील, मी नाही.

उन्हाळ्यात गेलो असतो तर कदाचित एवढी फजिती झाली नसती. तरी पेल्याची कड जमिनीशी अगदी सपाट बसावी लागते, आणि विष्ठेच्या भुसभुशीत थरात ती दोन दिवसांत उघडी पडते. मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या जिवाला ती भिंतच. झुरळ मात्र चढून आत पडतं.

ब्रश शून्य नंबरचा, चित्रकलेचाच. अल्कोहोलमध्ये बुडवून टेकवला की स्प्रिंगटेल चिकटून येतो, तसाच कुपीत. सगळ्यात सोपी जागा म्हणजे टाक्यातलं नाहीतर पाझराचं साठलेलं पाणी. यांच्या अंगाला पाणी लागत नाही, त्यामुळे ते वर तरंगतात. टॉर्च पाण्यालगत आडवी धरली की पांढरे ठिपके दिसतात, आणि ब्रश जवळ नेताच एखादा टुणकन दिसेनासा होतो. आभासी विंचू दगडाच्या सुटलेल्या खपलीखाली असतो. खपली उचलली की नांगे पसरून चक्क उलट्या पावली मागे सरकतो. तो कुठल्या खपलीखाली होता, तिथे ओल किती होती, हे वहीत लिहिता येतं. पेला यातलं काहीच सांगत नाही.

ब्रशने पाठ मोडते, हे खरं. शिवाय दोघांची नजर सारखी नसते, म्हणून वेळ लावून शोधायचं, प्रत्येक जागी तेवढीच मिनिटं. माइट, म्हणजे कोळ्यांच्या कुळातले अगदी बारके जीव, मात्र डोळ्यांतून निसटतातच. त्यांच्यासाठी थोडी माती घरी आणून बर्लेसेच्या नरसाळ्यात घालावी, वर बल्ब; उष्णतेने माती वरून वाळत जाते तसे जीव खाली सरकत कुपीत पडतात. घाई केली तर खाली उतरण्याआधीच ते जागेवर वाळतात. मध्येच लाइट गेली तर थांबायचं, इलाज नाही.

किडे तोंडाने ओढून पकडायची नळी मात्र वटवाघळांच्या जागी नकोच. वाळलेल्या विष्ठेत फुप्फुसाला बाधणारी बुरशी असू शकते. आणि 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाह विषाणूची प्रतिपिंडं पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला आढळली होती. एन-95 मास्क लावूनच आत शिरायचं.

मार्गदर्शकांनी पेल्यांचाच आग्रह धरला तर भाच्याने चारच पुरावेत, उन्हाळ्यात, आणि दर दोन दिवसांनी बघावेत. माझे बारा माळ्यावर धुऊन ठेवलेत, ते न्यावेत. गाळणीही न्यावी, फुलीवाली.