बट की ऑल्दो? जरी-तरीचा घोळ

माझी भाची नाशिकच्या अंबडला एमआयडीसीत नवीन लागलीये, परवा साहेबांना मेल टाकायच्या आधी मला दाखवला, त्यात होतं "ऑल्दो द मशीन इज ओल्ड, बट इट वर्क्स वेल". आता हे चुकतं का तर मराठीमुळे. आपण "मशीन जरी जुनं असलं तरी चालतं" असं म्हणतो, जरी आला की तरी लागतोच, म्हणून ऑल्दोच्या मागे बट आपोआप येतो. इंग्रजीत दोघांतला एकच ठेवायचा, "ऑल्दो द मशीन इज ओल्ड, इट वर्क्स वेल" किंवा "द मशीन इज ओल्ड, बट इट वर्क्स वेल", बस.

बट सोपा आहे, दोन वाक्यांच्या मधे बसतो, आधी स्वल्पविराम द्यायचा. बोलताना मी तर बटच वापरा म्हणेन, कॉलेज रोडला मिसळ खाताना कोण ऑल्दो म्हणतं? "इट्स स्पायसी बट आय लव्ह इट", झालं काम.

ऑल्दोची गंमत वेगळी आहे, तो वाक्याच्या सुरुवातीलाही येतो आणि मधेही, "वी वेंट टू रामकुंड ऑल्दो इट वॉज रेनिंग". पण ऑल्दोचा तुकडा एकटा सोडला तर वाक्य लटकतं, "ऑल्दो इट वॉज रेनिंग." एवढंच लिहून पूर्णविराम दिला की वाचणारा म्हणतो, बरं मग पुढे काय झालं? मेलमधे मात्र मला ऑल्दो आवडतो, कमी महत्त्वाची गोष्ट त्याच्याकडे देऊन टाकायची आणि मुख्य मुद्दा मोकळा ठेवायचा. भाचीने बट खोडला आणि मेल पाठवला.